चंपतरावांचा पाचवा गोळा

प्रतापनगरात कुणाच्याही घरी लग्न निघालं, की चंपतराव डाखोळ्यांना दोन आमंत्रणं जातात. पहिलं रीतसर, पत्रिकेला अक्षता लावून. दुसऱ्याला पत्रिका नसते. मुलीचा बाप संध्याकाळी स्वतः येतो, चहा पितो, ऊन-थंडीचं बोलतो, आणि चपलेत पाय घालता घालता मूळ मुद्द्यावर येतो, "काका, पंगतीत तुम्ही उभे राहा, म्हणजे मले झोप येईल."

चंपतराव वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले. त्यांनी कुठल्या खांबावर कुठली तार ओढली हे आज कुणालाच आठवत नाही. पण त्यांनी वाढलेल्या पंगतीतून उठताना ज्याला शेजाऱ्याचा हात धरावा लागला, तो माणूस ती पंगत जन्मभर विसरत नाही. ही विद्या त्यांच्याकडे काटोलकडच्या गावातून आली, वडिलांकडून. वडिलांचं म्हणणं असं, की वाढप्याला हात असावेत, पाय असावेत, तोंड तर असावंच असावं. कान मात्र नसावेत. 'बस' हा शब्द ज्याला ऐकू येतो त्याने वाढायला जाऊ नये, हॉटेल काढावं.

दुसरी शिकवण मोजण्याविषयी होती. पाहुण्याच्या पानातलं मोजायचं नाही. मोजलेलं अन्न अंगी लागत नाही, वर नजर लागते ती वेगळीच. पण न मोजणारे चंपतराव आकडा मात्र सारखा सांगत असत. पानात पाचवी पुरणपोळी पडत असो की सातवी, ते अगदी गरीब चेहऱ्याने म्हणत, "अहो, दोनच तं झाल्या." त्यांचा हा दोन फार लवचिक होता. त्यात काहीही मावायचं.

आणि गंमत अशी, की अर्ध्या दक्षिण नागपूरची पोटं पुढे आणणाऱ्या या माणसाला स्वतःचं पोट म्हणून काही नव्हतंच. सदरा खुंटीला टांगावा तसा त्यांच्या अंगावर टांगलेला असे. कारण साधं होतं. वाढपी जेवणार सगळ्यांच्या शेवटी. तोवर पातेल्याच्या तळाचा भात आणि थंड कढी उरायची. ती ते उभ्या उभ्या, आचाऱ्याशी गप्पा मारत संपवायचे. चंपतरावांना कुणी आग्रह करून वाढलंय, असं दृश्य त्यांच्या बायकोनेही पाहिलं नव्हतं. रुखमाबाई ताट वाढून ठेवत आणि सांगत, "वाढलं आहे, घ्या." बस्स.

अशा घरातली एकुलती एक मुलगी हर्षा. ती मिहान उद्योगनगरीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काही करायची. कंपनीने तिला चेक देशात ब्रनो नावाच्या गावी पाठवलं, थोड्या दिवसांसाठी म्हणून. थोड्या दिवसांचे जास्त दिवस झाले, आणि एका रविवारी मोबाइलच्या पडद्यावर हर्षाच्या शेजारी एक लांबोडका, लाजरा मुलगा येऊन बसला आणि दोन्ही हात जोडून "नमस्कार" म्हणाला. त्याचं नाव ओंद्रेय.

आता इथे दुसऱ्या घरात जे झालं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. चंपतरावांना पडलेला प्रश्न मात्र निराळा होता. त्यांनी विचारलं, ही माणसं जेवतात काय? हर्षा म्हणाली, तसं बरंच काही, पण जीव की प्राण म्हणाल तर क्नेद्लीक. म्हणजे काय? म्हणजे पिठाचे गोळे, बाबा. उकडलेले. वरून रस्सा ओतून खातात.

चंपतरावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने चंपतरावांकडे. वैदर्भीय माणसाला गोळाभात म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. भरड डाळीचे गोळे भातात शिजवायचे, भातावर कुस्करायचे आणि वरून लसणाची कडकडीत फोडणी ओतायची. सातासमुद्रापार कुणीतरी गोळे खातंय, एवढ्यावर ते दूरचं कुळ डाखोळ्यांच्या जवळपास येऊन बसलं.

"गोळे खाणारा माणूस वाईट कसा राहीन?" चंपतराव म्हणाले, आणि लग्न ठरलं.

लग्न डिसेंबरात, मनीषनगरच्या एका हॉलमध्ये. तिकडून चार माणसं येणार होती. ओंद्रेय, त्याची बहीण, आई यित्का आणि वडील स्तानिस्लाव, ज्यांना घरचे स्तांदा म्हणत. हर्षाने सहज सांगितलं, की ओंद्रेयच्या आईवडिलांना इंग्रजी येत नाही, फक्त चेक येतं. तसे चंपतराव चहा अर्धा ठेवून उठले.

व्याह्यांना चेकशिवाय काही कळत नाही. मग पंगतीत त्यांना आग्रह कोण करणार? हर्षा नवरी, ती काय दुभाषी म्हणून पाटामागे उभी राहील? म्हणजे व्याही मुकाट्याने बसणार, मुकाट्याने जेवणार आणि मुकाट्याने उठणार. ज्या माणसाने तेलंग्याला तेलुगूत, छत्तीसगढियाला छत्तीसगढीत आणि एकदा तर एका सरदारजींना पंजाबीत जिलबी वाढली, त्याच्या सख्ख्या व्याह्याने बिनआग्रहाचं जेवावं? चंपतरावांच्या मते सोयरीक अक्षतांनी जुळत नाही, पानात न मागता पडलेल्या घासाने जुळते. तो घास पडला नाही, तर ते दोघं आपल्या घरी पाहुणे म्हणून येतील आणि पाहुणे म्हणूनच जातील. मुलगी तिकडे, आणि तिचे सासूसासरे जन्माचे परके.

"मी चेक शिकतो," त्यांनी जाहीर केलं.

रुखमाबाई म्हणाल्या, "तुमचं मराठी पुण्याच्या माणसाले समजत नाही."

शिकवण्या रविवारी संध्याकाळी सुरू झाल्या. चंपतरावांची मागणी माफक होती. 'आणखी एक गोळा घ्या' आणि 'दोनच तर झाले', एवढी दोन वाक्यं मिळाली की त्यांची चेक भाषा पुरी झाली. पहिलं वाक्य सोपं निघालं. येश्त्ये येदेन क्नेद्लीक. आणखी एक गोळा. चंपतरावांनी ते घोटलं, झोपेतही म्हटलं. पण दुसऱ्या वाक्यात आकडे होते, आणि तिथे भाषेने फणा काढला.

एक गोळा म्हणजे येदेन क्नेद्लीक. दोन गोळे, द्वा क्नेद्लीकी. तीन, चार, तेही क्नेद्लीकी. चंपतरावांनी मान डोलावली. एकाचा गोळा, दोनाचे गोळे, आपल्यासारखंच. मग हर्षा म्हणाली, "आता पाच. प्येत क्नेद्लीकू."

"कू काहून?"

"पाचपासून पुढे असंच होतं, बाबा. पाच गोळे नाही म्हणायचं. पाच गोळ्यांचं म्हणायचं. जसं तांदळाचं पोतं, तसं पाच गोळ्यांचं."

चंपतरावांनी मोबाइल थोडा दूर धरला आणि मुलीकडे काळजीने पाहिलं. थंड हवेचा परिणाम असावा. पण ती बोलतच होती. चारपर्यंत गोळे आपल्या पायावर उभे असतात. वाक्यात तेच मालक. पाच झाले की मालकी आकड्याकडे जाते आणि गोळे त्याचे आश्रित होतात, त्यांना षष्ठी लागते. नुसत्या आकड्यांनाच नव्हे. पुष्कळ, काही, किती, अगदी थोडे म्हटलं तरी तीच गत. म्नोहो क्नेद्लीकू, पुष्कळ गोळ्यांचं. मालो क्नेद्लीकू, थोडं गोळ्यांचं. आणि क्रियापदसुद्धा एकवचनी, नपुंसकलिंगी होतं. चार गोळे होते. पण पाच गोळ्यांचं होतं.

"आणि हे सगळीकडे चालत नाही बरं," हर्षा म्हणाली. "पाच गोळ्यांसोबत असं म्हणायचं झालं, की तिथे हा कू गायब होतो."

"तेवढं राहू दे," चंपतराव घाईने म्हणाले. "मले सोबत नाही म्हणायचं. मले वाढायचं आहे."

पण ती चारची मेख त्यांच्या डोक्यातून जाईना. चारपर्यंतच का? तीनपर्यंत का नाही, सातपर्यंत का नाही? हर्षाला विचारलं तर ती म्हणाली, कारण ओंद्रेयलाही माहीत नाही. तो म्हणतो असंच आहे. असल्या उत्तराने चंपतरावांचं समाधान होण्यासारखं नव्हतं. ते दोन दिवस अस्वस्थ होते. आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या गोपाळरावांकडे सत्यनारायणाचा प्रसाद वाढता वाढता त्यांना एकदम उमगलं. ओट्यावर चौघे जण बसले होते. चंपतराव प्रत्येकाला नाव घेऊन वाढत होते. गोपाळराव, घ्या, विहंगभाऊ, घ्या. तेवढ्यात पाचवा येऊन बसला आणि त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "हं, पंगत बसली."

ते तिथेच थबकले. चौघे बसले होते. पाचवा आला तशी पंगत बसली. बसले नाही, बसली. माणसं गेली, पंगत राहिली.

त्या रविवारी त्यांनी हर्षाला तिनेच शिकवलेल्या भाषेचा उलगडा करून दिला. चार असतील तर एकेकाचं तोंड दिसतं. पाच झाले की पंगत होते, आणि पंगतीत मग अमका तमका उरत नाही, सगळे पंगतीचे. थोडे म्हटलं तरी ते ढिगातलेच थोडे. त्या लोकांत कुणीतरी जुना वाढपी होऊन गेला असला पाहिजे. हर्षाने हे ओंद्रेयला सांगितलं. ओंद्रेय म्हणाला, शाळेत बाईंनी असं शिकवलं असतं तर मला चांगले मार्क पडले असते.

आता चंपतरावांना अंगात वारं भरल्यासारखं झालं. भाषा तोंडात बसायला सराव हवा, आणि सरावासाठी त्यांच्याकडे अख्खं प्रतापनगर होतं. एका मुंजीत त्यांनी बुंदी वाढताना "येश्त्ये येदेन" म्हणून पाहिलं. खाणाऱ्याने घाबरून पान पुढे केलं. एका तेरवीला त्यांनी भात वाढताना तोंडातल्या तोंडात "प्येत क्नेद्लीकू, म्नोहो क्नेद्लीकू" अशी उजळणी चालवली, तर मयताच्या इंदुताई नावाच्या आत्यांनी डोळे मिटून हात जोडले. नंतर त्यांनी घरच्यांना सांगितलं, की चंपतरावांना पंगतीचे मंत्रसुद्धा येतात.

घरचा सराव जरा कठीण गेला. हर्षाने सुचवलं होतं, की आईने गोळे वळताना एकेक मोजा. पण रुखमाबाईंना कच्चे गोळेही मोजलेले चालेनात. त्यांनी परातीवर फडकं टाकलं आणि म्हणाल्या, तुमच्या भाषेची माझ्या गोळ्यांना नजर लावू नका. मग चंपतराव अंगणातल्या कुंड्या मोजू लागले. तिथे चारच कुंड्या होत्या, म्हणून पाचवी आणली.

लग्न जवळ आलं तसं हर्षाला एक भीती वाटू लागली. बापाचा आग्रह ती लहानपणापासून पाहत आली होती. पंगतीतून वाचलेली माणसं सुपारी चघळत भिंतीला टेकून कशी बसतात, हेही तिने पाहिलं होतं. तिने एका रविवारी गंभीर होऊन सांगितलं, "बाबा, आणखी एक शब्द शिका. स्ताची. म्हणजे पुरे, बस. ते स्ताची म्हणाले की थांबायचं."

चंपतरावांनी असा चेहरा केला, जणू मुलीने त्यांना दारू पाजायचा प्रयत्न केला. "जो शब्द मले मराठीत ऐकू येत नाही," ते म्हणाले, "तो परक्या भाषेत शिकून काय करू?"

हर्षाने खूप समजावलं. ते लोक आपल्यासारखे भिडेने नाही म्हणत नाहीत, नाही म्हणजे नाहीच असतं. चंपतराव हो हो म्हणाले. शिकतो म्हणाले. आणि तो शब्द त्यांनी एका कानाने ऐकून दुसऱ्या कानानेही बाहेर जाऊ दिला नाही. मुळात पहिल्या कानातच घेतला नाही.

दुसरी लढाई बफेची झाली. गोपाळरावांचं मत होतं, की आता जमिनीवर कोण बसतं, हजार लोकांना बफेच बरा. "काहून गा चंपत, त्या गोऱ्या माणसाचे गुडघे मोडायचे आहेत काय?" शेवटी तह झाला. बाकी लोकांना बफे. सोयऱ्यांची पंगत मात्र बाजूच्या छोट्या हॉलमध्ये, पाट मांडून, पत्रावळीवर, आणि वाढणार एकटे चंपतराव. आचारी नत्थूला त्यांनी बजावलं, गोळे लिंबाएवढे नकोत, संत्र्याएवढे पाहिजेत.

लग्न लागलं. अक्षता पडल्या. नवरानवरी फोटोवाल्याच्या ताब्यात गेली. ओंद्रेयला जेवायला मोठ्या मुश्किलीने सोडवून आणलं. आणि छोट्या हॉलमध्ये चौघे जण पाटावर येऊन बसले. बसले म्हणजे तिघं बसली. स्तांदाराव हा भला थोरला माणूस, गालफडं गुलाबी, फेटा तिरपा झालेला. त्यांना गोपाळरावांनी आणि ओंद्रेयने दोन्ही बाजूंनी धरून हळूहळू खाली सोडलं, विहिरीत मोटर सोडावी तसं. दारात अर्धं प्रतापनगर गोळा झालं होतं. बफेच्या रांगेत कुणी उरलं नव्हतं.

चंपतराव आले. धोतर, खांद्यावर पंचा, हातात पातेलं. भात वाढला. भाताशेजारी एक गोळा ठेवला. नत्थूने फोडणीची वाटी फिरवली. स्तांदारावांनी गोळा कुस्करला, घास घेतला, डोळे मिटले, आणि घशातून असा आवाज काढला की भाषांतराची गरज पडली नाही.

तेव्हा चंपतराव वाकले. इतक्या महिन्यांची तयारी जिभेच्या टोकावर आली. "येश्त्ये येदेन क्नेद्लीक?"

स्तांदारावांचा हात तोंडाशी थांबला. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग वर, या वाळक्या, पंचावाल्या माणसाकडे. आणि ते असे हसले, की फेटा निसटून पत्रावळीत पडायचा राहिला. यित्काबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ठेच्यामुळेही असेल, पण दारातल्या बायकांनी ते आपल्याला हवं तसं धरलं. चंपतरावांनी दुसरा गोळा ठेवला.

इथून पुढे दोन देशांचे रिवाज एकमेकांसमोर आले. स्तांदारावांच्या घरी पानात काही टाकणं म्हणजे वाढणाऱ्याचा अपमान. आपल्याकडे रिकामं पान म्हणजे 'वाढा' असा पुकारा. तेव्हा ते पान स्वच्छ करत, आणि चंपतराव भरत. ते सज्जनपणाने पुन्हा स्वच्छ करत, आणि चंपतराव अत्यानंदाने पुन्हा भरत. पानावर हात आडवा धरायचा असतो, छातीने पान झाकायचं असतं, हे त्या भल्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं.

वर स्तांदाराव मोजू लागले. मोठ्याने. त्यांच्या गावाकडे म्हणे गोळे किती खाल्ले हे मिरवायची गोष्ट असते. "त्रशी," ते तीन बोटं दाखवत म्हणाले. दारातल्या बायकांत कुजबुज उठली. मोजतो आहे बाप्पा, नजर लागेल. रुखमाबाई मागच्या मागे स्वयंपाकघरात पळाल्या. चौथा पडला. पाचवा पडला, तेव्हा स्तांदारावांनी पंजा उघडून जाहीर केलं, "प्येत क्नेद्लीकू!"

तो शेवटचा कू कानावर पडला आणि चंपतरावांना परगावच्या रस्त्यावर अचानक नागपूर पासिंगची गाडी दिसावी तसं झालं. मोजण्याचं भय ते विसरले. त्यांनीही गंभीरपणे पुस्ती जोडली, "मालो क्नेद्लीकू." थोडंच झालं गोळ्यांचं. आणि सहावा ठेवला.

सहाव्यानंतर मात्र स्तांदाराव म्हणाले, "स्ताची."

चंपतराव हसून वाकले. हा शब्द काही ओळखीचा वाटेना. स्तुतीचा असावा. त्यांनी सातवा ठेवला. "स्ताची, स्ताची," यित्काबाईही म्हणाल्या, गळ्याशी हात नेऊन. चंपतरावांनी जन्मभर बहिरेपणाचं सोंग केलं होतं. आज पहिल्यांदा त्यांना खरोखर कळत नव्हतं. ओंद्रेयने काही सांगायला तोंड उघडलं, पण त्याच्या तोंडात त्याच क्षणी नत्थूने प्रेमाने जिलबी कोंबली.

स्तांदारावांनी सातवा गोळा पाहिला. घाम पुसला. अर्धा खाल्ला. आणि उरलेल्या अर्ध्याकडे बघत ते स्वस्थ बसून राहिले.

दारातल्या माना पुढे आल्या. अर्धा गोळा पानात. मग त्यांनी ओंद्रेयच्या खांद्याचा आधार घेतला आणि ते उठू लागले. चेहरा लालबुंद. चंपतरावांच्या हातातलं पातेलं जड झालं. त्यांच्या पंगतीतून माणसं तृप्त होऊन उठली होती, कण्हत उठली होती, पण पानात टाकून कुणी उठलं नव्हतं. व्याही रागावले. अर्ध्या गोळ्यावर सोयरीक मोडली. हर्षा काय म्हणेल?

स्तांदाराव सरळ त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. काहीतरी म्हणाले, लांबलचक. त्यात एकही गोळा नव्हता, म्हणून चंपतरावांना काहीच कळलं नाही. तेवढ्यात रुखमाबाईंनी स्टेजवरून ओढून आणलेली हर्षा, शालू सावरत, दारातून आत आली.

"बाबा," तिने ऐकलं आणि तिचा आवाज जरा बदलला, "ते विचारून राहिले, की तुम्ही जेवले का?"

चंपतरावांना प्रश्नच समजला नाही. मराठीतला होता तरी. इतक्या वर्षांत तो त्यांना कुणी पंगतीत विचारला नव्हता. "मी मागून," ते पुटपुटले. "वाढप्याचं शेवटी असते."

हर्षाने सांगितलं. स्तांदारावांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली, नाही. त्यांनी चंपतरावांच्या हातातलं पातेलं काढून घेतलं, हळूच, लहान मुलाच्या हातून कात्री काढून घ्यावी तसं. मग त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्यांना पाटावर दाबलं, यित्काबाई आणि ओंद्रेयच्या मध्ये. गोपाळरावांनी धावत नवी पत्रावळ आणली. आणि तो सहा फुटी माणूस, फेटा एका कानावर, चंपतरावांचा पंचा खांद्यावर टाकून, वाकून म्हणाला, "येश्त्ये येदेन क्नेद्लीक?"

चंपतराव डाखोळे आयुष्यात पहिल्यांदा पाहुणे झाले. गरम गोळा त्यांच्या पानात पडला. गरम. फोडणी चुरचुरत होती. नत्थूच्या हातचा गोळाभात ताजा असताना असा लागतो, हे त्यांना नत्थूशी तीस वर्षांची मैत्री असून ठाऊक नव्हतं. त्यांनी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. नाक ओढल्याचा आवाज आला, तेव्हा गोपाळराव सगळ्यांना म्हणाले, फोडणी जरा तेज आहे.

दुसरा पडला. तिसरा पडला, तशी दारातून रुखमाबाई म्हणाल्या, तीनावर ठेवू नका, अपशकुन असतो, चौथा घाला. हर्षाने भाषांतर केलं. स्तांदारावांनी चौथा घातला. चंपतरावांचं पोट किती, तर एका सदऱ्याच्या घडीएवढं. ते भरून आलं. त्यांनी वर पाहून स्पष्ट मराठीत सांगितलं, "बस."

स्तांदारावांच्या चेहऱ्यावर रेषाही हलली नाही. त्यांनी पाचवा उचलला.

"बस, बस. अगं हर्षा, तो शब्द काय होता?"

हर्षा भिंतीला टेकून, शालूचा पदर तोंडाशी धरून उभी होती. "कोणता, बाबा?"

"तोच वं. थांबा म्हणायचा. सांग ना लवकर, घालून राहिले ते."

"तुम्ही तं म्हणाले होते, शिकून काय करू."

आणि पाचवा गोळा पानात आला. यावेळी दारातल्या सगळ्यांनी, बायकापोरांसकट, एका सुरात मोजलं. त्यात सगळ्यात मोठा आवाज रुखमाबाईंचा होता, ज्यांनी कच्चे गोळेही कधी मोजू दिले नव्हते. नवऱ्याने पाचवा गोळा संपवेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. मग आत जाऊन त्यांनी मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या आणल्या, आणि दोन्ही व्याह्यांना शेजारी शेजारी बसवून त्यांच्यावरून ओवाळून टाकल्या. एवढं मोजल्यावर दृष्ट काढणं भागच होतं. स्तांदाराव हात जोडून बसले होते. त्यांना वाटलं हाच लग्नाचा मुख्य विधी. तसं पाहिलं तर त्यांचं फारसं चुकलंही नव्हतं.

दुपारी बफेला आलेले लोक हॉलच्या कोपऱ्यात दोन म्हातारे पाहून जात होते. दोघंही भिंतीला टेकून पाय पसरून बसलेले, एकाचा पट्टा आणि एकाच्या धोतराची गाठ सैल केलेली, तोंडात सुपारी. अधूनमधून एक जण म्हणे, "म्नोहो." दुसरा मान हलवून म्हणे, "म्नोहो." पुष्कळ झालं. बाकी काही बोलायची दोघांनाही गरज पडत नव्हती.

येत्या मेमध्ये डाखोळे पतिपत्नी ब्रनोला जाणार आहेत. स्तांदारावांनी निरोप पाठवलाय, की आता गोळे आमच्याकडचे, आलूबुखाऱ्याचे, आणि वाढणार मी. चंपतराव रोज सकाळी अंगणात पाच कुंड्यांभोवती फेऱ्या घालतात आणि एकच शब्द घोकतात. स्ताची. स्ताची. स्ताची.

रुखमाबाई तुळशीला पाणी घालता घालता ऐकतात.

"काहीच उपयोग नाही त्याचा," त्या म्हणतात. "व्याह्याले आता तो ऐकू येत नाही. तुम्हीच तं शिकवून ठेवलं."